ऑटो अ‍ॅड्स, हाताने लावलेली युनिट्स की नवे प्रयोग? मराठी साइट चालवणाऱ्यांसाठी एक तुलना

अ‍ॅडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून साइटवाल्याला पैसे देणारी गूगलची सेवा. तिच्यात मराठीचा समावेश २०१८मध्ये झाला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑटो अ‍ॅड्स सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. त्यामुळे मराठी साइटवाल्यांपुढे जवळपास पहिल्या दिवसापासून दोन वाटा होत्या: जाहिरातीची जागा आपण ठरवायची, किंवा कोडचा एक तुकडा टाकून ते काम गूगलवर सोपवायचं. आता तिसरा प्रश्नही आहे. सेटिंगमध्ये अधूनमधून नवा प्रकार दिसतो, प्रयोग करून पाहायची सूचना येते, आणि आपण ‘चालू’ बटणापाशी अडखळतो. पाककृती, किल्ले, शेती, कविता अशा छोट्या-मध्यम साइट डोळ्यांसमोर ठेवून मी ही तुलना करतो आहे.

हाताने युनिट, म्हणजे जाहिरातीची एक चौकट, लावणं कटकटीचं आहे. टेम्प्लेटमध्ये हात घालावा लागतो, फोन आणि संगणक यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो, थीम बदलली की पुन्हा सगळं तपासावं लागतं. तरीही मजकुराच्या आतल्या जाहिरातींसाठी मी हीच वाट सांगेन, कारण जागेची उंची आधीच राखून ठेवता येते. युनिटच्या चौकटीला किमान उंची दिली की जाहिरात दोन सेकंद उशिरा आली तरी मजकूर जागचा हलत नाही. कोअर वेब व्हायटल्स या पान वापरायला किती सोयीचं आहे ते मोजणाऱ्या गूगलच्या निकषांमध्ये या हलण्याला सीएलएस म्हणतात आणि तो आकडा ०.१ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. स्वयंपाकघरात पिठाळ हाताने फोन धरलेल्या बाईंना मात्र तो आकड्यातून कळत नाही. ‘गूळ किती’ हे वाचताना ओळ खाली सरकते आणि बोट जाहिरातीवर पडतं, तेव्हा कळतो. असा चुकून झालेला क्लिक आपल्याही कामाचा नाही. तो अवैध ठरला तर त्याचे पैसे वजा होतात.

ऑटो अ‍ॅड्समध्ये हे श्रम वाचतात. शेकडो जुनी पानं असतील आणि टेम्प्लेटला हात लावणारं कुणी नसेल, तर एका तासात साइट कमावू लागते. किती जाहिराती दाखवायच्या याची पट्टी मागेपुढे करता येते, ठरावीक पानं वगळता येतात. खरी अडचण आखूड पानांवर येते. ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ या जाहिरात क्षेत्रातल्या गटाच्या निकषानुसार फोनवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या ३०% पेक्षा जास्त असू नये, आणि क्रोम जुलै २०१९पासून जगभर हे निकष लावतो. २५० पिक्सेल उंचीच्या दोन जाहिराती म्हणजे ५०० पिक्सेल. त्या नियमात बसायला तो भाग साधारण १,६७० पिक्सेल तरी लांब हवा. आरती, बारा ओळींची कविता, चटणीची कृती यांच्या पानांची लांबी तेवढी भरतेच असं नाही. अशी पानं ऑटो अ‍ॅड्समधून वगळून तिथे एकच युनिट हाताने लावावं.

अँकर जाहिरात, म्हणजे पडद्याच्या कडेला चिकटून राहणारी पट्टी, मात्र ऑटोवरच ठेवावी असं माझं मत आहे. ती मजकूर ढकलत नाही, वाचकाला मिटवता येते, आणि बराच वेळ नजरेसमोर राहते. २०२४च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स प्रामुख्याने क्लिकऐवजी इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात दाखवली गेल्यावर, पैसे देतं, त्यामुळे दिसण्याला आता आणखी किंमत आहे.

विन्येट म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना मधे येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात. पत्त्याच्या शेवटी ‘गूगल_विन्येट’ हे शब्द चिकटलेले दिसले की ती हीच. तिचं उत्पन्न चांगलं असू शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती नेमकी कुणाला गाठते ते पाहा. शोधातून आला, एक पान वाचून गेला, त्याला ती सहसा भेटतच नाही. रायगडाचा लेख वाचून राजगडाच्या लेखावर टिचकी मारणारा, म्हणजे आपल्या साइटवर रमलेला वाचक, तिच्यासमोर येतो. बातम्यांच्या साइटला हे परवडू शकतं. मालिका, अभंगसंग्रह, धडे अशी पानामागून पान वाचायची साइट असेल तर मी विन्येट बंद ठेवेन, किंवा दोन जाहिरातींमधलं अंतर वाढवून ठेवेन.

सगळ्यात जास्त विचार करावा असा नवा प्रकार म्हणजे ‘अ‍ॅड इंटेंट्स’. यात आपल्याच मजकुरातले शब्द दुवे बनतात. वाचकाने टिचकी मारली की त्या शब्दाशी संबंधित शोधाचे निकाल आणि जाहिराती पानावरच उघडतात. बॅनरसाठी वेगळी जागा लागत नाही, पानही हलत नाही. दिसायला हा सगळ्यात सौम्य प्रकार, आणि मला तोच सगळ्यात जड वाटतो. चौकटीतली जाहिरात जाहिरात म्हणून ओळखू येते. वाक्यातला दुवा मात्र वाचक लेखकाची शिफारस समजून उघडतो. ‘माती परीक्षण’ या शब्दांवर दुवा दिसला तर शेतकऱ्याला वाटणार, लेखकाने एखादी प्रयोगशाळा सुचवली आहे. आरोग्य, शेती, पैसे या विषयांच्या साइटने हा प्रकार बंद ठेवावा. मनोरंजन किंवा खरेदीविषयक साइटला तो चालू शकेल, पण आपले स्वतःचे अंतर्गत दुवे त्यात हरवत नाहीत ना, हे आधी पाहावं.

नव्या प्रकाराभोवती साइटची रचनाच बदलू नये, हेही कळकळीने सांगावंसं वाटतं. लिंक युनिट्स, म्हणजे विषयांच्या दुव्यांच्या रूपातल्या जाहिराती, वर्षानुवर्षं अनेकांनी मेनूखाली बसवली होती. ती २०२१मध्ये बंद झाली. ‘मॅच्ड कंटेंट’मध्ये आपलेच इतर लेख सुचवले जायचे, २०२२पासून त्या जागी फक्त जाहिराती असलेलं मल्टिप्लेक्स युनिट आलं. ज्यांनी ‘हेही वाचा’ची सोय स्वतः केली नव्हती, त्यांची ती सोय एका दिवसात गेली.

प्रयोग करायचाच असेल तर अ‍ॅडसेन्समधल्या प्रयोगाच्या सोयीनेच करा. त्यात वाचकांचा एक गट जुन्या आणि दुसरा नव्या सेटिंगवर एकाच काळात राहतो. ‘आधी-नंतर’ अशी तुलना आपल्याकडे हमखास फसते. दिवाळीच्या तोंडावर जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत उतरतात. ऑक्टोबरमध्ये विन्येट चालू केली आणि आरपीएम (दर हजार वेळा पान पाहिल्यामागचं उत्पन्न) वाढला, तर त्यातलं विन्येटचं किती आणि दिवाळीचं किती, हे कळायला मार्ग नाही. शिवाय प्रयोगाचा निकाल उत्पन्न सांगतो. वाचक महिन्याभरात परत आला का, हे तिथे दिसत नाही. ते अ‍ॅनालिटिक्समध्ये परतणाऱ्या वाचकांच्या आकड्यात पाहावं लागतं, आणि त्यासाठी दोन आठवडे पुरत नाहीत. उत्पन्न वाढलं म्हणून दुसऱ्याच दिवशी नवं सेटिंग कायमचं लागू करू नका. महिनाभर थांबा, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून निर्णय घ्या.