संमतीपत्रकाचं मराठी भाषांतर करून देणारी एजन्सी: अडीच तारे

पुण्यातल्या एका भाषांतर एजन्सीकडून आम्ही माहितीपत्रक आणि संमतीपत्रक मराठीत करून घेतलं. नाव लिहीत नाही. काम देण्याआधी अशा चार ठिकाणी चौकशी केली होती आणि चौघांची पद्धत एकच निघाली, मग एकालाच कशाला धरायचं?

काम ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याच्या अभ्यासाचं. बीडचं गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून आमच्या भागात प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ आहे. मी केज तालुक्यातली, फील्डचं काम बघते. एका बाईनं मला दारातच विचारलं होतं, "तुम्ही आता कितव्या?"

तर एजन्सी. दर शब्दाला अडीच रुपये, उलट भाषांतराचे वेगळे, लेटरहेडवरच्या प्रमाणपत्राचे आणखी पाचशे. चार दिवस म्हणाले आणि चौथ्या दिवशी फाइल आली. ती जुन्या फॉन्टमध्ये होती, उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. फोन केला, तासाभरात युनिकोडमध्ये परत आली. फोनवरची मुलगी नम्र, बिल चोख, जीएसटीसकट. इथपर्यंत माझे चार तारे.

मग मी कागद वाचायला घेतला.

"सदर संशोधन अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणत्याही दंडात्मक परिणामाविना आपली संमती मागे घेऊ शकता." व्याकरणात चूक काढून दाखवा. ऑगस्ट महिना होता, ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच होत्या. शेजारच्या वस्तीवर एक ओळखीची बाई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती, तिला हे वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. म्हणाली, "बाई, हे कोर्टाचं हाय का?"

पुढे "गर्भाशय-उच्छेदन शस्त्रक्रिया" होतं. आमच्याकडे पिशवी काढतात. "योनिमार्गातील श्वेतस्राव" होतं. आमच्याकडे अंगावर पांढरं जातं. हे शब्द खटकले तरी बदलून घेता येतात. खरा घोळ "नुकसानभरपाई"नं केला. मुलाखतीला दीड-दोन तास जातात म्हणून आम्ही तीनशे रुपये देणार होतो, त्याला त्यांनी "सहभागाबद्दल नुकसानभरपाई" लिहिलं. दोघींनी त्याचा अर्थ काढला, पिशवी काढलेल्यांना सरकार भरपाई देतंय. त्या आधार कार्ड घेऊन आल्या! त्या दिवशी सह्या घेतल्या असत्या तर नियमानं सगळं बरोबर ठरलं असतं, आणि त्या दोघी फसल्या असत्या.

आता उलट भाषांतराबद्दल, कारण पैसे खरे तिथेच जातात. मराठी मजकूर परत इंग्रजीत करायचा आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघायचा, अशी ती पद्धत. माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी ते मागते. आमचं उलट भाषांतर मूळ मजकुराशी जवळपास शब्दाला शब्द जुळलं. जुळणारच! मराठीच इंग्रजीच्या साच्यातून काढलेली, ती उलटी फिरवली की इंग्रजी जशीच्या तशी बाहेर येते. म्हणजे मराठी जितकी परकी, तितकं प्रमाणपत्र स्वच्छ. कमिटीनं एकही शंका न काढता कागद मंजूर केला. शिवाय दोन्ही कामं एकाच माणसानं केली होती, हे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसलं. त्या माणसाशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का विचारलं. धोरणात बसत नाही म्हणाले. माझे तारे इथे गळाले.

अर्थात काही गोष्टी कुठल्याच एजन्सीला माहीत असणार नाहीत, तो दोष त्यांच्यावर टाकत नाही. ऊसतोडीत कागद येतो तो उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल घेताना सही करायची नाहीतर अंगठा उठवायचा, आणि मग हंगामभर ती फेडायची. तसल्या माणसापुढे आपण शाईचा पॅड ठेवतो आणि सांगतो, हे तुमच्या भल्यासाठी आहे. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाचता येणारा तटस्थ साक्षीदार लागतो. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, तसा माणूस आणायचा कुठून? एका मुकादमानं मोठ्या मनानं सुचवलं, "टोळीतल्या सगळ्यांच्या सह्या मीच करतो, तुमचा टाइम वाचंल." हसू आलं, पण हे आपल्या देशात घडलेलं आहे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. नंतर तेव्हाच्या आंध्रातले ९,५४३ संमती फॉर्म तपासले, तर २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केलेल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. साक्षीदार म्हणून आम्ही शेवटी साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या मुलांच्या शाळेच्या, बाईंना गाठलं. त्यांचा ना कारखान्याशी संबंध, ना आमच्याशी.

मजकूर आम्ही गावातच नव्यानं बसवला. पाच बायका, एक दुपार, दोनदा चहा. त्या वेळेचे पैसे त्यांना दिले, तेही "खोटी झाल्याचे", म्हणजे कामाचा वेळ मोडल्याचे, असं सांगून, आणि हाच शब्द पुढे "नुकसानभरपाई"च्या जागी गेला. "कोणत्याही दंडात्मक परिणामाविना"वर आम्ही तासभर अडलो होतो. मी परत परत सांगत होते की मधेच थांबलात तरी काही होणार नाही, आणि त्या माना डोलवत होत्या, म्हणजे त्यांना पटलेलं नव्हतं. शेवटी त्यांच्यातलीच सगळ्यात धाकटी म्हणाली, "म्हंजी खाडा धरणार न्हाई, असं लिवा की." एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम खाडा धरतो आणि पैसे कापतो. कागदावर आता असं आहे: "मधेच उठून गेलात तरी खाडा धरणार नाही. मुकादमाला कळवणार नाही."

हा सुधारलेला मजकूर कमिटीसाठी परत त्याच एजन्सीकडे उलट भाषांतराला टाकला. या वेळी माणूस वेगळा हवा असं आधीच बजावलं होतं, तो त्यांनी दिला, त्याचा अर्धा तारा. चार दिवसांनी इंग्रजी आलं. "पिशवी काढली आहे का?" या प्रश्नाच्या जागी होतं, "तुम्ही बॅग बाहेर काढली आहे का?"

तेवढ्यावर कमिटीचं पत्र आलं: कोणती बॅग, याचा खुलासा करावा. खुलासा केला. तीन आठवडे गेले, तोवर दसरा झाला आणि निम्म्या टोळ्या कारखान्यांवर निघून गेल्या.