लिंकच्या अदलाबदलीत गेलेला मसाल्याचा हंगाम

लालबागला आमचा मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. सासूबाईंच्या हातचा मालवणी मसाला पूर्वी ओळखीपाळखीतच खपत असे. मी वेबसाइट सुरू केल्यावर पाकिटे कुरिअरने पुण्या-नाशिकलाही जाऊ लागली. वर्षभराचा मसाला लोक पावसाळ्यापूर्वी करून ठेवतात, त्यामुळे मार्च ते मे या तीन महिन्यांवरच आमचे वर्ष निघते. जानेवारीत एका गृहस्थांचा फोन आला, "ताई, हंगामाआधी तुमची साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो," तेव्हा मी त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले.

चाळीस साइट्सचा एक गट असून प्रत्येकाने इतरांची लिंक आपल्या साइटवर लावायची, असा त्यांचा प्रस्ताव होता आणि त्याची वर्षाची वर्गणी १८,००० रुपये होती. दुसऱ्या साइटने दिलेली लिंक गूगल शिफारशीसारखी मोजते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली पेजरँकची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. त्यांनी सांगितले नाही ते एवढेच, की केवळ क्रमांक वाढवण्यासाठी केलेली अशी सरसकट अदलाबदल गूगलच्या नियमांत निषिद्ध आहे आणि २०१२ च्या 'पेंग्विन' या शोधपद्धतीतील बदलापासून बनावट लिंकांवर गूगल कठोरपणे कारवाई करत आले आहे. मी यूपीआयने पैसे पाठवले आणि दोन रात्री बसून त्या साइट्सच्या लिंक आमच्या पानांच्या तळाशी लावल्या. त्यांत कर्ज देणाऱ्या आणि केस वाढवण्याची औषधे विकणाऱ्या साइट्सही होत्या, आणि मसाल्याशी यांचा काय संबंध, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते.

फेब्रुवारीत भेटींचा आकडा तिपटीने वाढला, पण पाकीट एकही जास्त खपले नाही. साइटवर कोण कुठून आले हे दाखवणारे ॲनालिटिक्स उघडून पाहिले तर बहुतेक भेटी परदेशातील एकाच शहरातून आलेल्या आणि शून्य सेकंदांच्या होत्या. म्हणजे ती माणसे नव्हतीच. माझ्या भाच्याने त्या साइट्सची पाने उघडून, राइट क्लिक करून त्यांचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, दाखवला. आमची लिंक पानावर डोळ्यांना दिसत होती, पण कुठे तिच्यापुढे 'नोफॉलो' लिहिले होते, म्हणजे ही शिफारस धरू नये अशी सूचना, तर कुठे अख्ख्या पानालाच 'नोइंडेक्स' लावून ते गूगलच्या शोधातून वगळले होते. अकरा साइट्सवरून तर आमची लिंक महिन्याभरातच काढून टाकलेली होती. आमच्याकडच्या त्यांच्या लिंक मात्र पूर्ण वजनाच्या होत्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, 'मॅन्युअल ॲक्शन'ची (गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची) सूचना आली, की तुमच्या साइटवरून अनैसर्गिक लिंक दिल्या जात आहेत. 'मालवणी मसाला' शोधल्यावर आम्ही दिसेनासे झालो. सगळ्या लिंक काढून मी फेरविचाराची विनंती पाठवली, पण कोंबडी वड्यांच्या एका जुन्या पाककृतीत दोन लिंक राहिल्याने ती नाकारली गेली. दुसरी विनंती मान्य होईपर्यंत मे संपत आला होता आणि डंकावर कुटून आणलेला मसाला डब्यांत तसाच पडून होता.

वाशीच्या ज्या व्यापाऱ्यांकडून आम्ही बेडगी मिरची घेतो, त्यांच्या साइटवर आमचे नाव आहे आणि आमच्या साइटवर त्यांचे. अशा खऱ्या व्यवहारातून आलेल्या लिंकला कोणाची हरकत नसते. वर्गणी घेऊन अनोळखी साइट्सशी जोडून देणारा कोणी भेटला, तर पैसे देण्यापूर्वी त्याच्या गटातील चार साइट्सचा सोर्स उघडून 'नोफॉलो' आणि 'नोइंडेक्स' हे दोन शब्द शोधा. ते सापडले नाहीत तरी अशा गटात शिरू नका, कारण लिंक पूर्ण वजनाची असली तरी अदलाबदलीबद्दल कारवाई होऊ शकते.

त्या गृहस्थांचा नंबर एप्रिलपासून बंद आहे. पैसे गेल्यावर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचे असते. मी तीन महिन्यांनी कळवले. तक्रार नोंदली गेली आहे, चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक मी जोडला आहे, रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.