डेक्कन ओडिसी, महाराजा एक्सप्रेस की जनशताब्दीचा व्हिस्टाडोम? रेल्वेवेड्यांसाठी

आयुष्यात एकदा तरी आलिशान गाडीने फिरायचं, असं ठरवलेले आपल्याकडचे रेल्वेप्रेमी बहुधा दोन नावांवर येऊन थांबतात. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) डेक्कन ओडिसी आणि आयआरसीटीसीची महाराजा एक्सप्रेस. दोन्हीकडे माणशी काही लाख रुपये आणि साधारण आठवडाभराची सुट्टी लागते.

नुसता थाट हवा असेल तर फार विचार करू नका, महाराजा घ्या. २०१० साली सुरू झालेल्या या गाडीत नवरत्न नावाचा सूट आहे, तो अख्खा डबा व्यापतो आणि त्यात चक्क अंघोळीचा टब आहे. २००४ पासूनची निळी डेक्कन ओडिसीही देखणी आहे, सेवाही उत्तम. पण शाही बडेजावात महाराजा पुढे.

रेल्वेवेड्याचा हिशोब मात्र वेगळा असतो. जागेपणी, उजेडात, किती रूळ पाहायला मिळणार? इथे दोन्ही गाड्यांची अडचण सारखीच आहे. त्या मुख्यतः रात्री धावतात. दिवसा गाडी स्टेशनात उभी राहते आणि तुम्ही बसने लेणी, राजवाडे, किल्ले बघायला जाता. खिडक्या बंद, वातानुकूलित; दारात उभं राहून वारा खाणं विसरायचं.

तरी या दोघींत निवडायचं झालं तर माझं मत डेक्कन ओडिसीला, तेही तिच्या महाराष्ट्र-गोवा फेरीला. महाराजाचे राजस्थान-आग्र्याकडचे मार्ग बरेचसे सपाटीचे. डेक्कन ओडिसीच्या वाट्याला घाट येतात. मुंबईहून नाशिककडे जाताना कसाऱ्याला मागे बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लागतात, कारण पुढे थळ घाटात ३७ला १ (३७ मीटर अंतरात १ मीटर) असा चढ आहे. बँकर जोडताना शेवटच्या डब्यांत बसणारा तो छोटासा धक्का आणि नंतर मागून लागलेला रेटा ज्याला कळतो, त्याला त्या वेळी झोप येणं शक्य नाही. कोल्हापूरहून गोव्याला जाणारा रेल्वेमार्ग तर मिरज, बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकहून खाली उतरतो. तोच ३७ला १ उतार, बोगद्यांमागून बोगदे आणि दूधसागरचा पूल. म्हणून बुकिंगआधी एकच गोष्ट ठामपणे विचारा: कॅसलरॉक ते कुळे हा टप्पा किती वाजता? उत्तर मध्यरात्रीचं आलं तर लाखो रुपये घालण्याआधी पुन्हा विचार करा.

आणि आता जी गोष्ट या गाड्यांच्या माहितीपत्रकात कधीच नसते ती. त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. म्हणजे पावसाळ्यातला सह्याद्री त्यांच्या खिडकीतून दिसतच नाही! माझ्यासारख्याला हे फार मोठं नुकसान वाटतं.

त्यामुळे तिसरा पर्याय मी मनापासून सुचवतो. मुंबई-मडगाव जनशताब्दीचा व्हिस्टाडोम डबा. खर्च काही हजारांत. काचेचं छप्पर, फिरणाऱ्या खुर्च्या, आणि गाडी भल्या पहाटे सुटत असल्याने जवळजवळ सगळं कोकण दिवसाउजेडी. उक्शीनंतर साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. रत्नागिरी सोडली की पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. व्हिस्टाडोममधून खाली पाहिलं की नारळाचे शेंडेही खूप खोल दिसतात. मार्ग अजून बराचसा एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, गाडी थांबते आणि शेजारच्या रुळावरून रो-रो जाते: वाघिणींवर ओळीने चढवलेले ट्रक. दहा मिनिटं उशीर झाला तरी हे दृश्य चुकवू नये.

उघडी खिडकीच हवी असेल तर याच मार्गावरच्या मांडवी एक्सप्रेसचा स्लीपर घ्या. काचेचं छप्पर नाही, पण पावसाचा वास आणि इंजिनाचा हॉर्न थेट येतो. शिवाय पॅन्ट्रीचं खाणं नावाजलेलं.

आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल, मुंबई-गोव्याबाहेर काही न पाहिलेले परदेशी पाहुणे येणार असतील, तर डेक्कन ओडिसी जरूर. एकट्या रेल्वेवेड्याने जुलैतला व्हिस्टाडोम धरावा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, जागा मोजक्याच, त्यामुळे पहिल्याच दिवशी सकाळी बसा. गणपतीच्या आठवड्याची आशा मात्र धरू नका.