भिगवणची होडीसफर: छायाचित्रकाराच्या नजरेतून

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर अंतरावर भिगवण लागते. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयाचा फुगवटा इथवर येतो. कुंभारगाव, डिकसळ अशा काठच्या गावांतील मासेमार कुटुंबे हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे हे ठिकाण इतके गाजले आहे की, तिथे काय दिसते हे नव्याने सांगण्याची गरज नाही. ते किती जवळून आणि कशा रीतीने दाखवले जाते, हा या परीक्षणाचा विषय आहे.

होडीचा मोठा फायदा म्हणजे कॅमेऱ्याची उंची. काठावर उभे राहून टिपलेला पक्षी वरून पाहिल्यासारखा चपटा दिसतो, तर होडीच्या तळाशी बैठक मारून कॅमेऱ्याचे भिंग (लेन्स) होडीच्या कडेवर टेकवले की शेकाट्या किंवा चमचा यांसारखा पाणपक्षी थेट डोळ्याच्या रेषेत येतो आणि मागचे पाणी मऊ, एकसंध होऊन जाते. तिवई (ट्रायपॉड) मात्र घरीच ठेवावी. इंजिनाची थरथर तिच्या पायांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. त्यापेक्षा धान्य भरलेली छोटी पिशवी भिंगाखाली घेतलेली बरी. सहाशे मिलीमीटरपर्यंत जाणारे झूम भिंग येथे पुरेसे ठरते. रोहित आणि बगळे यांची पांढरी पिसे उन्हात लगेच उजळून तपशील हरवतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, थोडे उतरवून ठेवणे सोयीचे.

खरी परीक्षा होडीवाल्याची असते. रोहितांचा थवा चरत असतो तेव्हा त्यांच्या माना खाली आणि चोची पाण्यात उलट्या असतात. मधूनच एखादा पक्षी जागच्या जागी पाय नाचवत, स्वतःभोवती फिरत तळाचा चिखल ढवळतो आणि वर आलेले बारीक जीव चोचीने गाळून घेतो. होडी जवळ येऊ लागली की आधी काही माना वर होतात, मग चरणे थांबते, मग सगळा थवा एकमेकांना चिकटून एका दिशेने चालू लागतो, आणि त्यानंतरही होडी पुढे सरकली तर पाण्यावरून धावत जाऊन उडतो. जाणता नावाडी पहिल्या काही माना वर होताच थांबतो. इंजिन त्याने बरेच आधी बंद केलेले असते आणि उथळ पाण्यात तो बांबूने होडी तिरकी, सावकाश सरकवत असतो, सूर्य आपल्या पाठीशी राहील याची काळजी घेत. अशा होडीत थोडा वेळ गप्प बसले की माना पुन्हा खाली जातात, आणि मनासारखी छायाचित्रे मिळतात ती तेव्हाच.

याउलट अनुभवही येतो. उडत्या थव्याचे गुलाबी पंख पाहुण्यांना हवे असतात म्हणून एका होडीवाल्याने, आम्ही नको म्हणत असतानाही, इंजिन चालू ठेवून होडी सरळ थव्यावर नेली. हाती आल्या त्या दूर जाणाऱ्या पाठी. काही होड्यांतून कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून बोलावले जाते. छायाचित्र भरगच्च दिसते खरे, पण ते रानपक्ष्याचे राहत नाही, आणि तळलेले खारट पदार्थ हे त्यांचे अन्नही नव्हे. दोष एकट्या नावाड्यांचा नाही. बक्षिसी उडवण्यालाच मिळत असेल तर ते उडवणारच. म्हणून इंजिन केव्हा बंद करणार आणि थवा उडवणार नाही ना, हे दोन प्रश्न होडीत पाय ठेवण्यापूर्वीच विचारावेत. जीवरक्षक जाकिटे आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

हंगामाचा हिशेब पाण्यावर चालतो. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना पाणी खोल असते, आणि ते ओसरून दलदल उघडी पडू लागली की रोहित चरायला येतात. भरपूर पावसाच्या वर्षी त्यांची वाट पाहावी लागते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हवे असतील तर जानेवारीच्या आसपास जावे. सूर्योदयाला होडीत असावे. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागडे भिंग असले तरी दूरच्या पक्ष्याची कड धारदार येत नाही.

राहण्याजेवणाची सोय घरगुती आहे. भाकरी आणि चिलापी माशाचा झणझणीत रस्सा यांबद्दल तक्रारीला जागा नाही. दर बहुधा होडीमागे असतो, त्यामुळे चौघांत वाटून घेतल्यास परवडतो. मात्र मोठी भिंगे असलेल्या दोघांहून अधिक जणांनी एका होडीत बसू नये, कोपराला कोपर लागतो. शनिवार-रविवारी एकाच थव्याभोवती अनेक होड्या जमतात आणि उत्तम नावाड्याचाही नाइलाज होतो, तेव्हा शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या वारी जावे आणि चांगला नावाडी भेटला की पुढच्या वेळेसाठी त्यालाच आधी फोन करावा.