वेगाची हौस दोन चाकांवर भागवावी की चार?

पुण्यात 'गाडी काढ' म्हटलं की माणूस दुचाकीच काढतो. चारचाकीला आम्ही मुद्दाम 'फोर-व्हीलर' म्हणतो. त्यामुळे भाच्याने परवा फोन करून "मामा, गाडी घ्यायचीय, जरा फास्ट" असं सांगितलं तेव्हा मी बाइकच धरून चाललो होतो. पण त्याच्या यादीत दोन नावं निघाली: एप्रिलिया आरएस ४५७ आणि ह्युंदाई आय२० एन लाइन. एक फेअरिंगवाली (म्हणजे वारा कापायला बाहेरून आवरण असलेली) स्पोर्ट बाइक, दुसरी जरा तिखट केलेली हॅचबॅक. मी पंधरा वर्षं स्पोर्ट बाइक चालवली, गेली सहा वर्षं दारात कारही आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी एक कबुली. एन लाइनला 'स्पोर्ट्स कार' म्हणणं म्हणजे जरा कौतुकच. पण आपल्याकडे खऱ्या अर्थाने चपळ कार घ्यायची तर आकडे पाहा. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय २०२५च्या मे महिन्यात भारतात आली ती ५३ लाखांना, तीही एक्स-शोरूम. एन लाइनचा नवा अवतार २०२३ साली ९.९९ लाखांपासून सुरू झाला होता. आरएस ४५७ त्याच वर्षी डिसेंबरात आली, ४.१० लाखांना, आणि ती बनते बारामतीत. तेव्हापासून किमती हलल्या आहेत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाइकला ४० टक्के जीएसटी आणि एन लाइनसारख्या छोट्या पेट्रोल कारला १८ टक्के, असा उलटा न्याय आहे. तरी बाइक कारच्या निम्म्याच्या आसपासच राहते.

पिकअप

इथे वाद घालण्यात अर्थ नाही. आरएसची ताकद ४७.६ पीएस (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), वजन १७५ किलो. त्यावर सत्तर किलोचा माणूस बसवला तरी टनामागे एकशे नव्वदच्या वर पीएस पडतात. एन लाइनला १२० पीएस आहेत, पण ओढायचं आहे टनाहून जास्त. तिचा हिशेब शंभर-एकशेदहाला अडकतो. साडेचौदाशे किलोच्या आसपासची २६५ पीएसची गोल्फसुद्धा चालकासकट पावणेदोनशेच्या घरात. म्हणजे सिग्नल सुटल्यापासून शंभरच्या काट्यापर्यंत बारामतीची ही बाइक ५३ लाखांच्या कारच्या बरोबरीने पळते. दोघींना साधारण पाच-सहा सेकंद लागतात, एन लाइनला दहाच्या आसपास.

पण हा आकडा फसवा आहे. शंभरच्या पुढे वारा आडवा येतो. बाइक कितीही निमुळती दिसली तरी वर बसलेला माणूस वाऱ्याच्या दृष्टीने ओबडधोबड गठ्ठाच असतो. आणि नुसतं सरळ पळणं म्हणजे वेग नव्हे. इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये केटीएमच्या मोटोजीपी (बाइक शर्यतींतली सगळ्यात वरची मालिका) बाइकवर ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले. (केटीएम म्हणजे तीच, जिच्या छोट्या बाइक आपल्या चाकणला बनतात.) आता त्याच ट्रॅकचा पूर्ण फेरा घ्या. मोटोजीपीच्या बाइकला उत्तमातल्या उत्तम दिवशीही १ मिनिट ४४ सेकंदांच्या आसपास लागतात. २०२० मध्ये लुईस हॅमिल्टनने फॉर्म्युला वन कारमध्ये तो फेरा १ मिनिट १५.१४४ सेकंदांत संपवला होता. सरळ रस्त्यावर कमावलेलं बाइक वळणात आणि ब्रेकिंगला घालवते.

वळण आणि ब्रेक

ते का, हे ताम्हिणी घाटात सकाळी सहाला नीट कळतं. मुळशीचं पाणी मागे पडलं, डोंगरवाडी ओलांडली की रस्ता वळणावळणांनी कोकणाकडे निघतो. बाइक उजवीकडे वळवायची तर उजव्या हाताने हँडल पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण क्षणभर चाक डावीकडे जातं आणि बाइक उजवीकडे कलते. कललेल्या बाइकला रस्त्याशी बांधून ठेवतात फक्त दोन टायर, आणि दोघांचे मिळून जमिनीला टेकलेले ठिपके एका तळहातात मावतील एवढे. पंचेचाळीस अंश कलणं म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकाच ओढा बाजूने सोसणं. तेवढा कोन रस्त्यावर मी आयुष्यात धरला नाही, आणि धरल्याचं सांगणाऱ्या निम्म्यांनीही धरलेला नसतो.

ब्रेकचंही तसंच. बाइक आखूड, माणसाचं वजन उंचावर. जोरात ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं उचलायला लागतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ही मर्यादा ओलांडू शकत नाही. कारला पालथं पडायची भीती नसते. टायर जितकं धरतील तितकं थांबता येतं.

एन लाइनमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. वळणात जास्त वेगाने शिरलात तर नाक बाहेरच्या बाजूला सरकतं, स्टिअरिंग हलकं पडतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, नाक परत आत येतं. चूक कळते, दुरुस्तही होते. दोन्हींतला खरा फरक मला विचाराल तर हाच.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच सरलेला, त्याच रस्त्यावर एका डाव्या वळणात खडी पसरलेली होती. डोंगरातून पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक खडी, सावलीत, रस्त्याच्याच रंगाची. माझा वेग चाळीसच्या आतबाहेर. पुढचं चाक सरकलं हे कळेपर्यंत मी कोपरावर होतो. बाइक घसरत कठड्याला टेकली. क्लचची कांडी तुटली, इंडिकेटर गेला, जॅकेटच्या कोपराचं कापड घासून आतलं पॅड दिसायला लागलं, ग्लोव्हची करंगळीकडची शिवण उसवली. मला खरचटलंही नाही, पण हात संध्याकाळपर्यंत थरथरत होता. पुढच्याच आठवड्यात त्याच वळणावरून कार नेली. खडी तशीच. डॅशबोर्डवर तो घसरत्या गाडीचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला. शेजारी बसलेले बाबा मोबाईलवर बातम्या वाचत होते, त्यांनी मानही वर केली नाही.

म्हणून बाइकच्या किमतीत जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट आणि बरं हेल्मेट धरायचंच. चाळीस-पन्नास हजार तिथे जातात. आणि यातलं कुठलंही बाइकबरोबर फुकट मिळालेलं घालू नये.

रस्ता मिळणार कुठे?

महाराष्ट्रातल्या खरेदीदाराने हे सगळ्यात आधी पाहावं, आणि नेमकं तेच कोणी पाहत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतू, सी लिंक, मुंबईचा कोस्टल रोड, सगळीकडे बंदी. म्हणजे जिथे वेग घेता येईल असे राज्यातले सगळ्यात सपाट, सरळ रस्ते बाइकवाल्याला नाहीतच. त्याच्या वाट्याला जुना हायवे, शिंग्रोबाचा घाट, ताम्हिणी, वरंध, आंबा घाट.

कारवाल्याचं तरी काय मोठं भलं झालंय म्हणा! एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी, वर कॅमेरे. समृद्धीवर १२०. ही मर्यादा एन लाइन गाणी लावून, एसीत, न घामेजता गाठते. उरलेली ताकद ओव्हरटेकपुरती.

त्यामुळे खरा वेग अनुभवायचा असेल तर ट्रॅकवरच जावं. कोइम्बतूरची करी स्पीडवे २.१ किलोमीटरची, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरकडचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. तिथे आरएस तुम्हाला एका दिवसात दहा घाटांपेक्षा जास्त शिकवते. एन लाइनही नेता येईल, पण पाच-सहा फेऱ्यांत ब्रेक तापतात आणि आपण बाजारहाटाची गाडी ट्रॅकवर आणलीय असं वाटायला लागतं. कारचंच वेड असेल तर कोल्हापुरात कार्टिंग आहे. मस्त, स्वस्त, आणि नंतर तांबडा-पांढरा रस्सा हाताशी.

मजा

हे मोजता येत नाही, म्हणून माझं मत सांगतो. बाइकवर घाट अंगावर येतो. वळण संपताना थंड हवेचा एक पट्टा लागतो, कुठल्यातरी घरची चूल पेटलेली वासावरून कळते, आणि डोक्यात दुसरा विचारच उरत नाही. तासाभराने मनगटं भरून येतात, मे महिन्यात इंजिनाची धग मांड्यांवर येते, आणि डबलसीट मागे बसलेला माणूस पुन्हा येईन म्हणत नाही. ही मजा एकट्याची आहे.

कारची मजा थोडी पातळ, पण वाटून घेता येते. सहा गिअरची मॅन्युअल एन लाइन खालच्या गिअरला टाकून टर्बो जागा केला की तीही हसवते. चार मित्र बसतात, पावसात थांबावं लागत नाही, परतताना झोप आली तर चावी दुसऱ्याच्या हातात देता येते.

भाच्याला मी सांगितलं: घरात आधीच एक कार असेल, रविवारची सकाळ तुझी स्वतःची असेल आणि वर्षातून एकदा ट्रॅकचा खर्च करायची तयारी असेल, तर आरएस घे. यातलं एक जरी नसेल तर एन लाइन. त्याच्याकडे कार नाही. तो म्हणाला, "म्हणजे मामा, तू बाइक विकून टाकलीस का?" मी म्हटलं, नाही, पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे.

शनिवारी त्याची आरएसची टेस्ट राइड आहे. शोरूमवाला सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणतो म्हणाला होता. मी वेळ बदलून संध्याकाळी साडेसहाची घ्यायला लावली, कर्वे रोडच्या गर्दीतून.