संधिवातावर प्रेडनिसोलोन: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

प्रेडनिसोलोन म्हणजे सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी, हे घेणाऱ्यांना माहीत असतंच. सुरुवातीचे काही महिने मी पाचपैकी पाच दिले असते. पट्टी स्वस्त, आणि भाकरी थापताना न मिटणारी बोटं मिटू लागली.

मग टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, लघवी लाल झाली आणि थोड्याच दिवसांत बोटं पुन्हा सुजली. ज्वारीचं पीठ मळवेना. परभणीतल्या एका औषध दुकानदाराने सांगितलं, "ताई, ही गोळी हलकी आहे, भारीतली घ्या." आणि डेफ्लाझाकोर्ट या दुसऱ्या स्टेरॉइडची पट्टी हातात दिली. कितीतरी पट महाग! फरक शून्य. माझ्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून राग जास्त.

कारण कळलं संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंकडून. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. आपलं यकृत सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने (औषधं मोडणाऱ्या प्रथिनाने) प्रेडनिसोलोन मोडतं, त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. रिफाम्पिसिनमुळे यकृत हे एन्झाइम भरमसाट तयार करतं. रक्तातलं प्रेडनिसोलोन साधारण निम्म्यावर येतं. १० मिलिग्रॅम गिळा, अंगी लागतं ५ च्या आसपास. डेफ्लाझाकोर्ट तर पोटात गेल्यावर आधी बदलतं, तेव्हा कामाचं होतं, आणि ते कामाचं रूपही हेच एन्झाइम मोडतं. भारीतलं घेऊन काय उपयोग होणार होता?

बाईंनी तीच स्वस्त गोळी दुप्पट केली आणि सूज ओसरली. म्हणून गोळीबद्दलचं मत मी पुन्हा बदलतेय: दोष तिचा नव्हताच.

उलटंही होतं. आपल्याकडे गजकर्णावर सर्रास देतात ते इट्राकोनाझोल हेच एन्झाइम दाबतं. प्रेडनिसोलोनवर त्याचा परिणाम बेताचा, पण मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं घेत असाल तर ती अंगात खूप साचतात. गजकर्णाची चिठ्ठी घेताना स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा.

सकाळी एकदाच घेते. रक्तातून गोळी काही तासांत निम्मी होते, पण परिणाम १२ ते ३६ तास टिकतो. अचानक बंद करायची नाही, कारण शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, तोवर मंदावलेलं असतं.

टीबीचा कोर्स आता संपत आलाय. रिफाम्पिसिन थांबल्यावर दोनेक आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं, मग हाच दुप्पट डोस खरोखर दुप्पट लागू पडेल, रक्तातली साखर वाढेल. म्हणून उतरत्या डोसचा कागद बाईंकडून आत्ताच लिहून घेतलाय.