चौकातल्या पडद्यावर 'बॉर्डर'

२६ जानेवारीले गावात प्रोजेक्टरवाल्याले बोलावून 'बॉर्डर' पिक्चर लावला, पडदा मोठा, चित्र एकदम क्लिअर, रणगाडे आले तसे पोट्टे खुर्च्यायवर उभे. १९७१ ची राजस्थानातली लोंगेवालाची लढाई खरी, मेजर चांदपुरींच्या जवळपास १२० जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे अडवले अन् सकाळी आपल्या हवाई दलाची हंटर विमानं आली. मग पिक्चरमध्ये एवढे जवान काऊन मारले? खरे शहीद २. त्या लढाईतले बीएसएफचे (सीमा सुरक्षा दलाचे) भैरोसिंग राठोड तर पडद्यावर शहीद होते अन् खरे राठोड २०२२ पर्यंत जिवंत होते! हे मले पटलंच नाही भाऊ, खरी गोष्टच एवढी भारी हाय. घरून आलेली चिठ्ठी वाचतात तो भाग मात्र खरा वाटते, बाया रडल्या. प्रोजेक्टरवाल्याले बोलवा बिनधास्त, फक्त स्पीकर मागं ठेवायले सांगा, समोरच्या म्हाताऱ्यायचे कान दुखले.